जुना दगडी घाट पुन्हा उतरण्याजोगा कसा करावा

घाट दुरुस्त करायचा म्हटलं की गावाचं पहिलं म्हणणं पायऱ्यांबद्दल असतं. पायऱ्या हलतात, दगड निसटलेत, म्हाताऱ्या माणसांना उतरता येत नाही, तेव्हा वरून काँक्रीट ओतून फरशी बसवा. पायऱ्या हलतात हे खरं, पण त्या हलण्याचं कारण पायरीत क्वचितच असतं. ते पायरीच्या मागे असतं, नाहीतर पाण्याखाली. घाट ही नदीकाठाला आधार देणारी भिंत आहे आणि तिचा दर्शनी भाग पायऱ्यांचा आहे, एवढं डोक्यात पक्कं बसलं की दुरुस्तीचा क्रम आपोआप सुचतो.

मी इथे आपल्या काळ्या दगडातल्या घाटांबद्दल बोलते आहे, कृष्णा, भीमा, गोदावरी आणि त्यांच्या उपनद्यांवरच्या. वाई, मेणवली, संगम माहुली इथले घाट सगळ्यांना ठाऊक असतात, पण लहान गावांतही पंधरा-वीस पायऱ्यांचे, कुणी बांधले ते कुणाला आठवत नाही असे सुंदर घाट आहेत. माझे वडील पाथरवट होते. मी स्थापत्य अभियांत्रिकी शिकले आणि जुन्या दगडी बांधकामाच्या दुरुस्तीत आले. ग्रामपंचायत सदस्य, देवस्थानचे विश्वस्त, नगरपरिषदेतले नवे अभियंते अशा मंडळींना मी जे समोर बसून सांगते, तेच इथे लिहिते.

आधी बघा, आणि ऐका

अंदाजपत्रक करण्याआधी घाटाला एक पूर्ण वर्ष द्यावं असं माझं मत आहे. सगळ्यांना ते जमत नाही. निदान दोन वेळा तरी जाऊन उभं राहा: एकदा मे महिन्यात पाणी सर्वांत खाली असताना आणि एकदा पूर ओसरत असताना. मे महिन्यात एरवी बुडालेला पायथा दिसतो. पूर ओसरताना दगडांच्या सांध्यांतून पाणी कुठून, किती आणि कोणत्या रंगाचं बाहेर येतं ते दिसतं. स्वच्छ पाणी झिरपत असेल तर फार चिंता नको. गढूळ पाणी येत असेल तर त्याच्याबरोबर आतली माती चालली आहे, म्हणजे पायऱ्यांच्या पाठीमागे पोकळी वाढते आहे.

सकाळी लवकर जाऊन बसा. कपडे धुणाऱ्या बायका कोणत्या दगडावर बसतात, म्हातारी माणसं कोणत्या बाजूने भिंतीला हात लावून उतरतात, मुलं कुठून उड्या मारतात, दशक्रिया विधी कुठे होतो, गुरं कुठे उतरतात, हे सगळं नकाशावर मांडा. एका गावात मी उतरत असताना धुणं धुणाऱ्या मावशींनी हात वर करून मला थांबवलं होतं. “बाई, तिसरीवर पाय नका देऊ, ती डुलते. डावीकडनं या.” घाटाच्या तब्येतीची इतकी नेमकी माहिती कुठल्याही अहवालात मिळत नाही. या मंडळींना सर्वेक्षणात सोबत घ्या, त्यांची नावं बैठकीच्या नोंदीत लिहा आणि आराखडा कागदावर येईल तेव्हा तो त्यांना दाखवा.

मग दगड ठोकून बघा. लाकडी मोगरी किंवा लहान हातोडी घ्या आणि प्रत्येक पायरी दोन्ही टोकांना आणि मध्ये हलकेच ठोका. घट्ट बसलेला दगड ठणठणीत वाजतो. खाली पोकळी असेल तर आवाज बद्द येतो. वडील हे कानानेच करत. मी प्रत्येक दगडावर खडूने खूण करून तो नकाशावर रंगवते. बद्द आवाजाचे दगड एका पट्ट्यात आले तर वरून एखादी गटार किंवा पन्हळ त्या पट्ट्यावर पाणी सोडते आहे का ते आधी बघा. बहुतेक वेळा तसंच निघतं.

दगड हलवण्याआधी संपूर्ण घाटाचं मोजमाप, लेव्हल आणि छायाचित्रं झालीच पाहिजेत. काढायच्या प्रत्येक दगडाला क्रमांक द्या, तो न दिसणाऱ्या बाजूवर घाला, आणि तोच क्रमांक छायाचित्रात आणि नकाशात असू द्या. पायऱ्यांमध्ये वीरगळ, सतीशिळा किंवा अक्षरं कोरलेला दगड सापडणं अगदी शक्य आहे, कारण जुन्या दुरुस्त्यांमध्ये हाताशी आलेला दगड वापरला जात असे. असा दगड सापडला की काम तिथेच थांबवून पुरातत्त्व विभागाला कळवा. तो उचलून देवळात नेऊन शेंदूर फासणं किंवा त्यावर ऑइल पेंट मारणं, दोन्हींनी अक्षरं जातात.

घाट पडतो कसा

इथे थोडं थांबून समजून घ्या, कारण पुढचा सगळा खर्च यावर ठरतो.

पहिलं कारण पायथ्याचं. वळणाच्या बाहेरच्या बाजूला नदी तळ खरवडते. त्यात वाळूउपसा झाला असेल तर नदीचा तळच खाली जातो आणि घाटाची शेवटची पायरी, जी कधीकाळी खडकावर किंवा घट्ट गाळावर टेकलेली होती, ती अधांतरी राहते. वरून सगळं ठीक दिसतं. मग एखाद्या पावसाळ्यात खालचा थर सरकतो आणि त्याच्यावरचे सगळे थर मागोमाग निघतात. वाळूउपसा चालू असलेल्या काठावर घाट दुरुस्त करायला मी नाही म्हणते. आधी ग्रामसभेचा ठराव करा, तहसीलदारांकडे तक्रार करा, उपसा थांबवा आणि मग मला बोलवा.

दुसरं कारण पाठीमागच्या पाण्याचं, आणि ते सर्वांत कमी लोकांना माहीत असतं. भिंत बहुधा पूर चढताना पडत नाही, ती पूर उतरताना पडते. पूर असतो तेव्हा नदीचं पाणी भिंतीला बाहेरून रेटून धरतं आणि भिंतीमागची माती-मुरूमाची भर हळूहळू पाण्याने तुडुंब होते. मग धरणाचे दरवाजे बंद होतात, नदी काही तासांत खाली जाते, बाहेरचा रेटा नाहीसा होतो, पण भरीतलं पाणी तिथेच असतं. मागे ३ मीटर पाणी अडून राहिलं तर पायथ्याशी दर चौरस मीटरला साधारण ३ टन दाब येतो आणि भिंतीच्या प्रत्येक मीटर लांबीला एकूण साडेचार टनांच्या आसपास रेटा बसतो. जुन्या कारागिरांनी चुन्यात बांधलेली, सांध्यांतून पाझरणारी भिंत हे पाणी सोडून देत असे. आपण सांधे सिमेंटने लिंपतो आणि तिचा श्वास बंद करतो.

पाण्याने भिजलेल्या मातीजवळची भिंत किती धोकादायक असते ते पंढरपुरात दिसलं. ऑक्टोबर २०२० मधल्या मुसळधार पावसात कुंभार घाटाजवळ नव्याने बांधल्या जात असलेल्या घाटाची भिंत कोसळली आणि ६ माणसं गेली. म्हणून काम चालू असताना आणि पावसात भिंतीखाली कुणालाही बसू देऊ नका, आडोसा करू देऊ नका. दोरी बांधून पुरत नाही. माणूस उभा करा.

तिसरं कारण झाडं. वड, पिंपळ, उंबर यांची रोपं सांध्यात रुजतात आणि मुळं जाड होत गेली की टनाचा दगड उचलतात. रोप बोटभर असताना पावसाळ्यात, सांधे ओले असताना, हाताने मुळासकट निघतं. खोड मनगटाएवढं झालं की ओढू नका. तेवढा थर उघडून मूळ काढा आणि थर पुन्हा रचा. नदीच्या तोंडावर तणनाशक ओतायचं नाही. आणि झाड मोठं, जुनं असेल, त्याच्या मुळांनीच काठ धरून ठेवला असेल, त्याला गावाने पार बांधला असेल, तर ते ठेवा आणि त्याच्याभोवती दुरुस्ती करा. तोडायची वेळ आलीच तर वृक्षतोडीची परवानगी आधी.

चौथं, गटार. घाटाच्या पोटातून जाणारा सांडपाण्याचा पाइप फुटलेला नसला तरी एक दिवस फुटणार. तो आधी बाजूला वळवा. हे काम कुणाला आवडत नाही, त्यात उद्घाटनाचा फोटो नसतो, पण ते न करता केलेली पायऱ्यांची दुरुस्ती टिकत नाही.

कागदपत्रं

थोडक्यात सांगते. घाट संरक्षित आहे का ते पाहा. केंद्राच्या यादीत असेल तर १९५८ चा कायदा आणि त्यातली २०१० ची दुरुस्ती लागू होते: स्मारकापासून १०० मीटरपर्यंत प्रतिबंधित आणि त्यापुढे २०० मीटर नियंत्रित क्षेत्र. राज्याच्या यादीत असेल तर १९६० चा महाराष्ट्राचा कायदा आणि पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालय. कोणत्याच यादीत नसेल तरी नदीपात्र शासनाचं असतं, म्हणून जिल्हाधिकारी आणि जलसंपदा विभाग यांना वगळून चालत नाही. त्या विभागाकडून पूररेषांचा नकाशा मागा. निळी रेषा साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. निळ्या रेषेच्या आत नवं पक्कं बांधकाम नको, म्हणजे कपडे बदलायच्या खोल्या, शौचालयं, दुकानं, वाहनतळ हे सगळं वर. घाट देवस्थानच्या ताब्यात असेल तर विश्वस्तांचा लेखी ठराव घ्या. तोंडी होकार सहा महिन्यांत विरतो.

काम कधी आणि कुठून

पाण्याखालच्या भागासाठी तुमच्याकडे फेब्रुवारी ते एप्रिल एवढाच वेळ आहे. मे महिना राखीव धरा, कारण चुन्याला पूर येण्याआधी घट्ट व्हायला वेळ लागतो. धरणाखालच्या नद्यांवर आणखी एक गोष्ट तपासा: उन्हाळी आवर्तन. भर एप्रिलमध्ये शेतीसाठी पाणी सुटतं आणि कोरडा पायथा रातोरात बुडतो. आवर्तनाच्या तारखा पाटबंधारे शाखेतून लेखी घ्या आणि त्यांच्या मध्ये पायथ्याचं काम बसवा. ते पाणी कुणाच्या तरी उसाला, कुणाच्या तरी प्यायला असतं. घाटासाठी ते अडवून धरायचा हट्ट करू नये.

पायथा उघडा करायला मातीच्या किंवा वाळूच्या गोण्यांचा तात्पुरता बंधारा घालतात आणि पंपाने पाणी काढतात. एका वेळी तीन-चार मीटर लांबीचाच तुकडा उघडा. सगळा पायथा एकदम मोकळा केलात तर वरची भिंत कशावर उभी राहील? तुकडा उघडा, दुरुस्त करा, भरा, मग एक तुकडा सोडून पुढचा घ्या. काम संपल्यावर गोण्या उचलून न्या, तिथेच फाडून टाकू नका.

अधांतरी पायथ्याखाली नवा आधार लागतो. इथे माझं मत काही संवर्धनवाल्यांना पटत नाही, पण सांगते: नदीतळाच्या खाली, कायम झाकलेल्या जागी, जुन्या दगडांपासून वेगळा राहील असा काँक्रीटचा पाया करायला माझी हरकत नाही, अभियंत्याने हिशेब करून दिला असेल तर. माझा विरोध जुन्या बांधकामाच्या अंगात सिमेंट घालण्याला आहे. पायाच्या पुढे मोठ्या दगडांचा पट्टा पसरा, किंवा गॅबियन, म्हणजे दगड भरलेल्या जाळीच्या पेट्या, ठेवा. नदीतळाखाली जितकी खोल खरवड अपेक्षित असेल तिच्या दीडपट रुंदीचा पट्टा ठेवायची रूढ पद्धत आहे. नदीने पुढे खरवडलं तर हे दगड आपण होऊन खड्ड्यात उतरतात आणि पायथा झाकून धरतात.

नवीन काहीही पात्रात पुढे काढू नका. वाईच्या ढोल्या गणपतीच्या देवळाची मागची बाजू आठवा. पुराचं पाणी दुभंगून दोन्ही अंगांनी निघून जावं म्हणून ती माशाच्या आकाराची बांधली आहे. मेणवलीचा घाट चंद्रकोरीसारखा वळलेला आहे. ज्यांनी हे बांधलं त्यांनी पाणी कसं वळतं ते बघितलं होतं. तिथे आपण चौकोनी काँक्रीटचा ओटा पुढे काढला तर त्याच्या खालच्या अंगाला भोवरा तयार होतो आणि तो शेजारच्या पायऱ्यांचा पायथा खातो. तळावर काँक्रीट ओतण्याचंही तसंच. नाशिकला गोदावरीच्या पात्रात रामकुंड परिसरात काँक्रीट घातलं गेलं, त्याखाली जुनी कुंडं गेली, आणि मग ते काढण्यासाठी नागरिकांना वर्षानुवर्षं झगडावं लागलं.

पाण्याला वाट

भिंतीच्या मागची भर जिथे बसली असेल तिथे वरचा थर उघडा आणि खालून वर असं भरत या: भिंतीला लागून हातभर जाडीचा खडीचा थर, त्याच्या मागे जिओटेक्स्टाइल कापड, मग मुरूम, वीतभर थरांत, प्रत्येक थर धुमस करून, म्हणजे ठोकून दाबून. कापड कशासाठी? पाणी जावं आणि माती राहावी म्हणून. भिंतीत जुने निचरे असतील तर ते शोधा. बऱ्याचदा ते गाळाने किंवा कुणीतरी हौसेने लिंपलेल्या सिमेंटने बंद झालेले असतात. लांब सळई घालून मोकळे करा. नसतील तर सांध्यांच्या जागी नवे वीप होल, म्हणजे पाणी बाहेर पडायची भोकं, ठेवा, दगडाला भोक न पाडता. वरच्या चौकाला, म्हणजे पायऱ्यांच्या माथ्यावरच्या सपाट जागेला, नदीकडे हलका उतार द्या. देवळाच्या छपराचं पाणी पन्हळीने थेट नदीपर्यंत न्या.

चुना

काळा दगड इतका घट्ट असतो की सिमेंटने तो स्वतः फारसा बिघडत नाही. वालुकाश्माचे पापुद्रे निघतात तसं इथे होत नाही. म्हणून लोक म्हणतात, मग सिमेंटने काय बिघडलं? बिघडतं ते आतलं. दर्शनी घडीव दगडांच्या मागे अनघड दगड आणि चुन्याचा गाभा असतो. पुढून सिमेंटचं कडक कवच बसवलं की पाणी आत कोंडतं, गाभ्यातला चुना हळूहळू विरघळून जातो, आणि शेवटी कवच एका लादीसारखं सुटून येतं, बरोबर दगडाचा काठ घेऊन.

आधी जुन्या चुन्याचा तुकडा तपासून घ्या. सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लात चुना विरघळतो आणि वाळू, सुरखी (विटांची भुकटी) तळाशी राहते. जवळच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात हे करून मिळतं. त्यावरून प्रमाण ठरवा. माझं नेहमीचं मिश्रण १ भाग चुना, १ भाग सुरखी, १ भाग वाळू असं असतं. सुरखी कमी भाजलेल्या विटांची हवी. जास्त भाजलेल्या, काळपट विटांची भुकटी चुन्याशी नीट जुळत नाही. साधा पांढरा चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन घट्ट होतो, म्हणून पाण्याखाली किंवा सतत ओल्या भागात तो एकटा कामाचा नाही. तिथे सुरखी घातलेला किंवा जलधर्मी, म्हणजे पाण्यातही घट्ट होणारा, चुना वापरा. भारतीय मानक ७१२ मध्ये त्याला ‘अ’ वर्ग म्हटलं आहे. गूळ, बेलफळ, हिरडा, उडीद घालायची जुनी रीत आहे आणि जाणता कारागीर असेल तर त्याला ती करू द्या. पण नुसता गूळ घातला म्हणून वाईट चुना चांगला होत नाही. चुना नीट विरवलेला आणि चुन्याच्या घाणीत, म्हणजे चुना दळायच्या घाण्यात, नीट मळलेला असणं महत्त्वाचं. कळीचा, म्हणजे न विरवलेला, चुना पाण्यात टाकला की उकळतो आणि उडतो. डोळ्यांना चष्मा, हातात मोजे आणि शेजारी स्वच्छ पाण्याची बादली असल्याशिवाय कुणालाही त्याच्याजवळ जाऊ देऊ नका, मुलांना तर मुळीच नाही.

दर्जा भरताना, म्हणजे सांधे नव्याने भरताना, जुना सुटा चुना सांध्याच्या रुंदीच्या दुप्पट खोल, निदान इंचभर, हाताने खरवडून काढा. ग्राइंडर लावू नका. त्याची पाती घडीव कडा कापते आणि ती कडा परत येत नाही. सांधा धुवा, ओला ठेवा, चुना दाबून भरा, आणि दगडाच्या पृष्ठभागापासून किंचित आत थांबवा. मग ओली गोणपाटं, निदान दोन आठवडे. उन्हाळ्याच्या झळीत चुना वाळला तर तो घट्ट झालेला नसतो, नुसता सुकलेला असतो, नख लावलं की भुगा होतो. इथे मुकादमाची खरी परीक्षा असते. गोणपाटावर पाणी मारायला रविवारी कोण येणार हे आधीच ठरवा.

मोठ्या पोकळ्यांत पातळ चुना ओततात, खालच्या सांध्यापासून सुरुवात करून वर, नुसत्या उंचीच्या दाबाने. पंपाने दाब दिला तर तोच दाब भिंत फुगवतो. ओतण्याआधी वीप होलना लाकडी खुंट्या ठोका आणि नंतर त्या काढायला विसरू नका.

जुन्या दगडांना एकमेकांत अडकवणाऱ्या लोखंडी पकडी असतील तर त्या गंजून फुगतात आणि दगडाचे कोपरे फोडतात. त्या स्टेनलेस स्टीलच्या बसवा.

पायऱ्या

झिजून खोलगट झालेली पायरी फेकू नका. ती उलटी करून बसवता येते. खालची बाजू घडून घेतली की नव्यासारखी होते. गुळगुळीत झालेल्या पायरीवर पाथरवटाकडून टाकी मारून घ्या, नदीच्या दिशेला आडव्या रेघा येतील अशी. पॉलिश केलेली फरशी, ग्रॅनाइट, चकचकीत टाइल्स ओल्या घाटावर घालणं म्हणजे माणसं पाडण्याची सोय आहे. प्रत्येक पायरीला पुढे अगदी थोडा उतार असू द्या, मीटरला एक सेंटिमीटरइतका, म्हणजे पाणी साचत नाही आणि शेवाळ कमी धरतं.

शेवाळ काथ्याच्या ब्रशने आणि पाण्याने काढा. आम्ल नको, ब्लीचिंग पावडर नको. ते सगळं नदीतच जातं आणि चुना खातं.

जुन्या पायऱ्यांची उंची बहुधा जास्त असते. पूर्ण घाट बदलायचा नाही, पण एका बाजूने, भिंतीला लागून, मधल्या अर्ध्या पायऱ्या बसवून १५ सेंटिमीटर चढाची एक वाट करता येते. त्या नव्या दगडांवर मागच्या बाजूला वर्ष कोरा, म्हणजे पुढच्या अभ्यासकाला जुनं-नवं वेगळं कळेल.

माणसांच्या सुरक्षेसाठी

घाटाला आडवं रेलिंग नको. पुरात त्यात ओंडके, जलपर्णी, ऊस अडकतो आणि रेलिंग उपटताना दगडही उपटतं. उतरणाऱ्या दिशेने, भिंतीच्या कडेने, ९० सेंटिमीटर उंचीवर हाताला धरायला साखळी किंवा पाइप द्या. त्याचे खांब दगडातल्या खळग्यात बसणारे, पावसाळ्यापूर्वी काढता येणारे असू द्या. वरच्या चौकाच्या उघड्या कडेला मात्र कठडा लागतोच.

स्नानाच्या जागी पाण्यात शेवटच्या दोन-तीन पायऱ्यांवर धरायला साखळी हवी. जिथे पायऱ्या संपतात आणि एकदम खोल होतं ती कडा लोकांना दिसली पाहिजे. रंग शेवाळाखाली एका हंगामात जातो, म्हणून फिकट रंगाच्या दगडाची पट्टी बसवा. शेजारी मराठीत मोठ्या अक्षरांत आणि चित्रासह फलक: इथून पुढे खोल पाणी. गळ, दोरी आणि लाइफबॉय घाटावरच, कुलपाशिवाय.

पूरमापक खांब लावा. नाशिककर दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला पाणी कुठवर लागलं यावरून पुराचा अंदाज घेतात. तुमच्या घाटावरही अशी एक खूण करता येते. सर्वांत खालच्या पायरीवर शून्य धरा. मग दोन-तीन पावसाळे लिहून ठेवा: धरणातून किती क्युसेक विसर्ग सोडला, किती वेळाने पाणी आपल्या कोणत्या पायरीला लागलं. ही तुमच्या गावाची स्वतःची सारणी होते. तिच्यावरून एक पायरी ठरवा जिथे पाणी आलं की घाट बंद, आणि घाट बंद करायला साखळी ओढायची जबाबदारी एका नेमक्या माणसाला द्या.

चाकाच्या खुर्चीसाठी उतार १:१२ असावा लागतो. ६ मीटर उतरायचं म्हटलं तर नुसता उतारच ७२ मीटर, आणि दर ९ मीटरला विसावा धरला तर ८० मीटरच्या पुढे. जुन्या घाटावर हे बसत नाही, आणि ते बसवायला घाट फोडू नये. त्याऐवजी वरच्या चौकापर्यंत, जिथून नदी नीट दिसते आणि विधीलाही बसता येतं, तिथपर्यंतची वाट अखंड, पायरीविना करा. पुढे एखाद्या नैसर्गिक उताराच्या काठाने पाण्यापर्यंत जाता येतं का ते बघा. ज्यांना खाली उतरता येत नाही त्यांनाच विचारा, त्यांना काय हवंय ते ते सांगतात.

विजेचे खांब आणि जोडण्या पूररेषेच्या वर, आणि गळती होताच वीज तोडणारा स्विच प्रत्येक वाहिनीवर. यात्रेच्या दिवशी घाटावर लोंबणाऱ्या माळांना साफ नकार द्या.

गर्दीचं नियोजन घाटाच्या रुंदीवरून करू नका, घाटाकडे येणाऱ्या बोळाच्या रुंदीवरून करा. २००३ च्या नाशिक कुंभमेळ्यात ३९ जणांचा जीव गेला तो रामकुंडाकडे जाणाऱ्या अरुंद वाटेवरच्या चेंगराचेंगरीत. यायची वाट वेगळी, जायची वेगळी, आणि कुठेही विक्रेता वाट अडवून बसलेला नाही, इतकं पर्वणीच्या दिवशी पाळलं तरी पुष्कळ.

दरवर्षीचं

पूर ओसरला की गाळ ओला असतानाच फावड्याने आणि पाण्याने नदीत परत लोटा. वाळला की तो दगडासारखा होतो आणि काढताना पायऱ्यांना पहारी लागतात. त्याच आठवड्यात रोपं उपटा, वीप होलमध्ये सळई घाला, सगळ्या पायऱ्या पुन्हा ठोकून बघा आणि बद्द वाजणारे दगड गेल्या वर्षीच्या नकाशाशी ताडून पाहा. बद्द पट्टा वाढला असेल तर थांबू नका, त्याच उन्हाळ्यात तो भाग उघडा. साखळ्या पाणी स्थिरावल्यावर बसवा आणि मेअखेरीस काढून ठेवा. ठरलेल्या एकाच जागेवरून दरवर्षी एक छायाचित्र घ्या. हे सगळं एका नोंदवहीत असू द्या. वही ग्रामपंचायतीत, तिची एक प्रत घाटाजवळच्या एखाद्या घरात, आणि साखळ्यांच्या खोलीची किल्लीही त्याच घरात.